काँट्रा घेतलाय, पण कुठला?

तीस_जीव

कोनामीचं 'काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' म्हणजे 'काँट्रा' या जुन्या गोळीबाराच्या गेमच्या आवृत्त्यांचा संच. २०१९ च्या जूनमध्ये आलं. स्विच, पीएस ४, एक्सबॉक्स वन, पीसी, सगळीकडे मिळतं आणि सेल लागला की किंमत पार खाली येते. इथल्या बऱ्याच जणांनी ते घेऊन ठेवलंय, कारण दिवाळी सेलच्या धाग्यात तुम्हीच नाचत होतात. मग पुढे काय झालं? एकदा लावलं, वर-वर-खाली-खाली असा जुना कोड मारून तीस जीव मिळवले, तिसऱ्या लेव्हलच्या धबधब्यावर ते सगळे उधळले आणि "हात गेले राव आता" म्हणत बंद केलं.

हात थोडे गेले असतीलच, नाही म्हणत नाही. पण लहानपणी तुम्ही खेळलात तो गेम आणि आता स्क्रीनवर दिसतोय तो गेम यांचा वेग वेगळा आहे.

आपल्या घरी जे 'टीव्ही गेम' होते, मीडिया, लिटल मास्टर आणि बिननावाचे सतराशे साठ, ते निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी कन्सोलची नक्कल. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. फॅमिकॉमचे गेम वेळ सेकंदात मोजत नाहीत, फ्रेममध्ये, म्हणजे बदलणाऱ्या चित्रांत, मोजतात. मारिओचं घड्याळ घ्या. वरचा आकडा दर २४ फ्रेमला एकाने उतरतो. ४०० चे शून्य व्हायला जपानी पोराला १६० सेकंद मिळायचे, आपल्याला १९२. युरोपात अधिकृत विकताना काही गेमांचा वेग ५० साठी जुळवून घेतला होता. आपल्या पिवळ्या कॅसेटवाल्यांना एवढी उठाठेव कोण सांगणार? ६० साठी लिहिलेला गेम ५० वर तसाच लावून दिला. संगीतसुद्धा फ्रेमच्याच तालावर, त्यामुळे तेही रेंगाळत चालायचं आणि आपल्याला तीच मूळ चाल वाटायची.

आजचा कन्सोल तोच गेम ६० ने चालवतो. म्हणजे तुमच्या आठवणीपेक्षा वीस टक्के जोरात. धबधब्यावर तुम्ही उडी मारता ती जुन्या तालावर. आठवडाभर रोज थोडं खेळलात की बोटं नवा ताल पकडतात.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी धागा काढला. या कलेक्शनमध्ये काँट्रा एकच नाही. आर्केडचा, म्हणजे पार्लरातल्या मशीनचा आहे, अमेरिकन एनईएसचा (फॅमिकॉमचंच तिकडचं रूप) आहे, जपानी फॅमिकॉमचाही आहे. लोक पहिला दिसेल तो लावतात. जपानी आवृत्ती लावून बघा. सुरुवातीला गोष्ट सांगितली जाते, प्रत्येक लेव्हलआधी बेटाचा नकाशा येतो, पहिल्या लेव्हलला मागची झाडं वाऱ्यावर हलतात, बर्फाच्या लेव्हलला खरंच बर्फ पडतो. कारण फॅमिकॉमच्या कॅसेटमध्ये कोनामीने स्वतःची व्हीआरसी २ ही चिप घातली होती. अमेरिकेत निन्टेन्डो बाहेरच्या कंपन्यांना आपल्याच साच्यातले बोर्ड वापरायला लावायची, म्हणून तिथे चिप गेली आणि चिपबरोबर नकाशा, बर्फ, झाडांचं डोलणं सगळंच गेलं. आपल्याकडे पायरेट झाली ती बहुतेक हीच साधी अमेरिकन, कारण साध्या बोर्डाची नक्कल स्वस्तात पडते. तुम्हीच आठवून बघा. लेव्हलच्या मध्ये नकाशा आठवतो का?

याच कलेक्शनमधला 'हार्ड कोर' हा सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलचा गेम. अमेरिकन आवृत्तीत एक गोळी लागली की जीव गेला. जपानीत तीन फटक्यांची पट्टी आहे. युरोपीयात माणसांऐवजी यंत्रमानव आणि नाव 'प्रोबोटेक्टर', कारण जर्मनीतले मुलांच्या संरक्षणाचे नियम कडक. एकाच पैशात तिन्ही मिळतात. मूळ यादीत नसलेल्या जपानी आवृत्त्या नंतर फुकट अपडेटमध्ये आल्या, तेव्हा आधी अपडेट करून घ्या.

कोनामीच्याच 'कॅसलव्हेनिया'च्या कलेक्शनमध्ये तर फरक कानाला कळतो. तिसऱ्या भागाच्या १९८९ च्या जपानी कॅसेटमध्ये व्हीआरसी ६ ही चिप होती. कन्सोलच्या स्वतःच्या आवाजात तीन जादा सूर मिसळायची. फॅमिकॉमच्या कॅसेटच्या खाचेतून आवाज आत जायची वाट होती. अमेरिकन एनईएसला ती वाट तिथे ठेवलीच नाही, त्यामुळे तिकडचं संगीत उतरवून लिहावं लागलं. पहिली लेव्हल दोन्ही आवृत्त्यांत लागोपाठ लावा, हेडफोन घालून. मग बोलू.

थोडक्यात, री-रिलीज घेतलं की आधी मेनूत आवृत्ती बदलायची सोय शोधा, मग खेळा. बाकी मंडळींनी आपापलं ज्ञान इथे ओतावं.

उगाचच

तिसऱ्या लेव्हलपर्यंत पोचणारे लोक या जगात आहेत हे वाचून आनंद झाला. आम्ही पहिल्याच लेव्हलच्या फुटणाऱ्या पुलावर समाधी घेतलेली आहे.

वाखुसा (वाचनखूण साठवली).

आबा_डोंबिवलीकर

लेख उत्तम. पण आमची पिढी घरात कमी आणि पार्लरात जास्त वाढली. शाळेमागच्या पार्लरात उभ्याने, मागे रांग लागलेली, एक रुपयाचं नाणं काचेवर ठेवून नंबर लावायचा. तिथला राजा म्हणजे मुस्तफा. डायनोसॉर, गाडी, पिवळ्या टोपीवाला मुस्तफा पळत येऊन लाथ घालतो तो. स्विच घेऊन दिलाय मुलीने, त्यात शोधून शोधून थकलो. मुस्तफा मिळतच नाही. कुठल्या नावाने शोधायचं?

तीस_जीव

आबा, त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम, १९९३. पण नाव कळूनही उपयोग नाही, कारण तो घरच्या कुठल्याही कन्सोलवर कधी आलाच नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. गेम मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवर बेतलेला, आणि कॅडिलॅक हे नाव मोटार कंपनीचं. कॅपकॉमकडे गेम आहे, पण पात्रं आणि नाव दुसऱ्यांची. सगळे एका टेबलावर बसल्याशिवाय तो निघणार नाही.

तोवर २०१८ चं 'कॅपकॉम बीट एम अप बंडल' घ्या. 'फायनल फाइट', 'कॅप्टन कमांडो', 'नाइट्स ऑफ द राउंड', 'वॉरियर्स ऑफ फेट' धरून सात गेम, पार्लरातलेच. त्यातले 'आर्मर्ड वॉरियर्स' आणि 'बॅटल सर्किट' हे दोन तर त्याआधी घरी आलेच नव्हते. इथेही जपानी-इंग्रजी दोन्ही आवृत्त्या आहेत.

आशा अगदीच सोडू नका. 'पनिशर' हा कॅपकॉमचा १९९३ चाच गेम, तोही मार्व्हलच्या परवान्यात अडकलेला. २०२४ च्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम'च्या कलेक्शनमध्ये तो अचानक बाहेर आला.

आबा_डोंबिवलीकर

बंडल घेतलं. 'वॉरियर्स ऑफ फेट' बघून डोळे भरून आले, मग डोळे पुसले, मग हरलो. पण एक गोष्ट खटकते. पार्लरात नाणं संपायची भीती असायची. इथे बटण दाबलं की कितीही नाणी. मजा निघून जाते.

निशिकासाईकर

आबा, हॅमस्टर नावाची जपानी कंपनी 'आर्केड आर्काइव्ह्ज' मालिका काढते. २०१४ पासून पीएस ४ वर, २०१७ पासून स्विचवर, दर गुरुवारी एक गेम, बहुतेक ७.९९ डॉलरला. त्यात दोन प्रकार असे आहेत जे तुमच्यासाठीच केलेत असं वाटेल. 'हाय स्कोअर'मध्ये एकच डाव, मध्ये थांबवता येत नाही, नाणं पुन्हा टाकता येत नाही. 'कॅरव्हॅन'मध्ये फक्त पाच मिनिटं, जमेल तेवढे गुण. जगभरच्या याद्यांत तुमचं नाव लागतं. शिवाय सेटिंगमध्ये मूळ मशीनचे डिप स्विच उघडे असतात. किती जीव, किती अवघड, सगळं फिरवता येतं. पार्लरवाला मशीन उघडून हेच स्विच अवघडवर ठेवायचा, आपण समजायचो आपलंच चुकतंय.

जून २०२५ पासून 'आर्केड आर्काइव्ह्ज २' सुरू झालंय, स्विच २, पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. सुरुवात 'रिज रेसर'ने केली. किंमत मात्र पहिल्या मालिकेपेक्षा जास्त.

आबा_डोंबिवलीकर

अहो पाच मिनिटांचा तो कॅरव्हॅन प्रकार म्हणजे कहर आहे. बायको विचारते झालं का, मी म्हणतो पाचच मिनिटं, आणि ते खरं असतं! दर वेळी खरं असतं.

फुकटेश्वर

एवढं सगळं कशाला? मोबाइलवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं अ‍ॅप) टाका, रॉम (गेमची फाइल) उतरवा, विषय संपला. अ‍ॅपलनेही २०२४ मध्ये अ‍ॅप स्टोअरवर एम्युलेटर चालू दिले. मुस्तफाही मिळेल, आबा. पैसे घालवून तेच गेम तिसऱ्यांदा विकत घेणारे धन्य.

तीस_जीव

तिसऱ्यांदा कसे? पहिल्यांदा आपण पायरेट कॅसेट घेतली होती. कोनामीला आपल्याकडून अजून एकदाही पैसे गेलेले नाहीत.

एम्युलेटर हे नुसतं सॉफ्टवेअर, त्यात गैर काही नाही. उतरवलेली रॉम हा वेगळा प्रश्न. जो गेम दुकानात मिळतो तो तरी विकत घ्यावा, एवढंच माझं म्हणणं.

निशिकासाईकर

तीस_जीव यांच्याशी बाडिस (सहमत), पण फुकटेश्वरांची बाजूही थोडी मांडतो, भांडू नका. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला होता. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज दुकानात मिळतच नाहीत. विकत घ्यावं म्हटलं तरी घेणार काय? निन्टेन्डोच्या वी कन्सोलचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं, थ्रीडीएस आणि वी यूचं २७ मार्च २०२३ ला. सेगाने डिसेंबर २०२४ मध्ये मेगा ड्राइव्हचे कितीतरी जुने गेम दुकानांतून काढून टाकले. ज्यांनी आधी घेतले होते त्यांचे राहिले, बाकीच्यांनी हात चोळत बसायचं.

आणि परत काढले तरी जसेच्या तसे निघतील असं नाही. सेगाचा 'क्रेझी टॅक्सी' २०१० मध्ये पुन्हा आला तेव्हा द ऑफस्प्रिंग आणि बॅड रिलिजन या बँडची गाणी गायब, पिझ्झाची आणि चिकनची खरी दुकानंही गायब. परवाने संपलेले. ती गाणी नसताना तो गेम म्हणजे बिनसायरनची रुग्णवाहिका. म्हणून कुठल्या आवृत्तीत काय राहिलंय, काय गेलंय, हे बघूनच घ्यावं.

फुकटेश्वर

८७ टक्के! बघा, आकडेवारी माझ्या बाजूने.

उगाचच

आकडेवारी कुणाच्याही बाजूने असो, तुमच्या मोबाइलवर काचेला बोट लावून काँट्रा खेळणं म्हणजे स्वतःवरच सूड उगवणं.

तपकीरगल्ली

पीएसवाल्यांसाठी उलटी गंमत. तीस_जीव म्हणतात तसं आपलं बालपण ५० वर गेलं. सोनीने २०१८ मध्ये 'प्लेस्टेशन क्लासिक' हा छोटा डबा काढला, त्यातल्या २० पैकी ९ गेम युरोपीय पाल आवृत्तीचे. ६० वर वाढलेले अमेरिकन जाम भडकले. २०२२ मध्ये सोनीच्या पीएस प्लस या वर्गणीत जुने गेम आले तेव्हा आशियात पुन्हा तोच घोळ, काही पीएस १ गेम ५० वर. ओरडा झाल्यावर ६० ची आवृत्ती निवडायची सोय देऊ लागले. आपल्याकडे हे जुने गेम 'डिलक्स' योजनेत येतात. गेमच्या पानावर दोन आवृत्त्या दिसल्या तर बघून घ्या.

एक्सबॉक्सवाल्यांना त्यातल्या त्यात सुख. जुनी डिस्क घातली की बऱ्याचदा चालते. एक्सबॉक्स ३६० च्या गेमांनी २०१५ मध्ये सुरुवात झाली, शेवटची ७६ गेमांची भर नोव्हेंबर २०२१ मध्ये पडली. त्यानंतर त्या यादीत काही वाढलं नाही.

कानामात्रा

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. पुण्यात जपानी शिकते, एन ४ परीक्षा झालीय, त्यावरच्या एन ३ चा अभ्यास चालू आहे. वर्गातल्या मुलांनी सांगितलं की फॅमिकॉमचे जुने जपानी गेम खेळ, भाषा सोपी असते, कांजी (चिनी वळणाची अवघड अक्षरं) नसतात. स्विच भावाचा आहे, अमेरिकन खात्याचा. जपानी गेम कसे घ्यायचे? आणि खरंच अभ्यासाला उपयोग होतो का?

निशिकासाईकर

स्वागत. आधी खात्याचं सांगतो, भाषेचं नंतर, कारण त्यावर माझं मत जरा तिखट आहे.

स्विचला प्रदेशाचं कुलूप नाही. जपानी कार्ड तुमच्या भावाच्या मशीनवर सरळ चालेल. डिजिटलसाठी निन्टेन्डोचं दुसरं खातं काढा, देश जपान निवडा, ते त्याच मशीनवर जोडा. त्या खात्याने उतरवलेला गेम भावाच्या खात्यानेही चालतो, गेमचं व्हर्च्युअल गेम कार्ड त्या मशीनवर लावलेलं असलं म्हणजे झालं. फॅमिकॉमचा ऑनलाइन संग्रह, म्हणजे एनईएस अ‍ॅपचा जपानी जुळा, जपानी दुकानातून फुकट उतरतो, आणि भावाकडे ऑनलाइनची वर्गणी असेल तर तीच त्याला चालते.

पैसे भरताना अडेल. २५ मार्च २०२५ पासून जपानी ई-शॉप (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) परदेशी क्रेडिट कार्ड आणि परदेशात उघडलेलं पेपल घेत नाही. उपाय म्हणजे जपानी प्रीपेड कार्डाचा कोड. इथे जपानात कुठल्याही कोनबिनीत (कोपऱ्यावरच्या दुकानात) मिळतो. ओळखीचं कुणी जपानात असेल तर त्याच्याकडून मागवा. कोड विकणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. एका ठिकाणी माझ्या मित्राला आधीच वापरलेला कोड आला आणि नंतर उत्तरही आलं नाही, तेव्हा बघूनच.

आणि कुणी जपानातून स्विच २ मागवत असाल तर थांबा! इथे दोन प्रकार विकतात. ४९,९८० येनचा फक्त जपानी भाषेचा, त्याला जपानचंच खातं जोडता येतं. सगळ्या भाषांचा ६९,९८० येनला. नातेवाईक "स्वस्तात मिळाला" म्हणून पहिला घेऊन येतात आणि मुंबई विमानतळावर उतरल्यावर मला फोन करतात.

आता भाषा. जुन्या गेममध्ये कांजी नसतात हे खरं, पण म्हणून सोपं असतं हे खोटं. एक अक्षर ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकटीत बसवायचं, तिथे कांजी मावणार कशी? आणि कॅसेटमध्ये जागा नाही. १९८६ चा पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' सगळा मिळून ६४ किलोबाइटचा. त्यात काताकाना या लिपीची सगळी अक्षरंसुद्धा ठेवली नाहीत, निवडक वीसेक ठेवली आणि राक्षसांची नावं तेवढ्यात बसवली. नुसती हिरागाना ही साधी लिपी सलग वाचताना कुठला 'हाशी' पूल आणि कुठला काड्या, हे संदर्भावरून ओळखायचं. एन ३ वाल्याला कांजी असलेली वाक्यं उलट सोपी जातात.

कानामात्रा

बाप रे. म्हणजे मित्रांनी मला उल्लू बनवलं तर. मग काय खेळू?

निशिकासाईकर

'फॅमिकॉम तांतेई क्लब'. १९८८ चा गुप्तहेर गेम, २०२१ मध्ये स्विचवर नव्याने काढला. सगळे संवाद आवाजात बोलतात, खाली कांजीसकट मजकूर, आणि जुने संवाद पुन्हा वाचता येतात. घाई काहीच नाही, कारण गोळ्या झाडायच्या नसतात. लोकांना प्रश्न विचारत फिरायचं. प्रश्नार्थक वाक्यरचना तोंडात बसते.

मूळ 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या कॅसेटमध्ये सेव्ह करायची सोय नव्हती. राजाकडे गेलं की तो २० अक्षरांचा मंत्र सांगायचा, तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी टाकायचा. दुसऱ्या भागात तो मंत्र ५२ अक्षरांपर्यंत जायचा. माझे इथले सहकारी अजून सांगतात, एका 'नु'चा 'मे' झाला आणि सगळा प्रवास गेला. ぬ आणि め यातला फरक कुणी विसरत असेल तर त्याला हीच शिक्षा द्यावी. तिकडे अमेरिकन आवृत्तीत बॅटरी घातली होती, त्यांना हे भोग नाहीत.

कानामात्रा

आवडला! पहिल्याच भागात शिक्षिकांसारखं बोलणारं एक पात्र भेटलं, सगळं कळलं. वर्गात सांगणार नाही, नाहीतर सर गृहपाठ म्हणून देतील.

जर्सीकाकू

इथे न्यू जर्सीत मुलांना 'डक हंट' दाखवायचा आहे. मुलांच्या बाबांनी मोठ्या हौसेने गॅरेज सेलमधून जुना एनईएस आणि केशरी बंदूक आणली. टीव्ही ६५ इंची. बदकं उडतात, कुत्रा हसतो, पण एकही बदक मरत नाही. बाबा आता बंदूक उघडून बसलेत. बंदूक बिघडली आहे का?

तपकीरगल्ली

काकू, त्यांना स्क्रू परत लावायला सांगा, बंदूक बहुधा ठणठणीत आहे. अडचण टीव्हीची.

ती बंदूक गोळी सोडत नाही, प्रकाश बघते. चाप ओढला की गेम एका फ्रेमसाठी पडदा काळा करतो आणि लगेच पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला आधी काळं, मग नेमक्या त्या क्षणी पांढरं दिसलं तर नेम लागला. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र त्याच क्षणी उमटायचं. शिवाय बंदुकीतलं सर्किट त्या टीव्हीच्या किरणाच्या लुकलुकीवरच बेतलेलं आहे. आजचा टीव्ही सिग्नल घेतो, मोठा करतो, रंग सजवतो आणि मग दाखवतो. पांढरा चौकोन येईपर्यंत गेमने निकाल लावलेला असतो. म्हणून कुत्रा हसतो. ट्यूबचा जुना टीव्ही कुणी फुकट देत असेल तर आणा, तोच सोपा मार्ग. निन्टेन्डोने २०१४ मध्ये वी यूवर हा गेम दिला होता, वीच्या रिमोटने नेम धरायचा, पण ते दुकानच आता बंद.

हाच उशीर तुमच्या आमच्या काँट्रातही असतो. कन्सोलवर खेळताना टीव्ही 'गेम मोड'वर ठेवाच. साध्या मोडमध्ये काही टीव्ही १०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ खातात, म्हणजे सहा फ्रेम. उडीचं बटण दाबलं आणि सहा फ्रेमनंतर उडी दिसली तर धबधबा कसा चढणार? चित्र गुळगुळीत करणारं, मधल्या फ्रेम घुसवणारं जे काही असेल तेही बंद करा. मालिका बघताना घरच्यांना लागतं, म्हणून एचडीएमआयचं एक तोंड फक्त कन्सोलला ठेवा आणि सेटिंग त्या तोंडापुरतं करा.

जर्सीकाकू

धन्यवाद. बाबांनी बंदूक जोडली, एक स्क्रू उरला. पण आता घरी प्रश्न वेगळा. ते म्हणतात चित्र पूर्ण पडद्यावर ताण, मुलगा म्हणतो बाजूला काळ्या पट्ट्या हव्यात. कोण बरोबर?

तपकीरगल्ली

मुलगा. जुने गेम ४:३ साठी केलेत, ताणलं की मारिओ जाडा होतो. आता त्याच्याही पुढे जाऊन सांगतो. फॅमिकॉमचं चित्र २४० ओळींचं. १०८० च्या टीव्हीवर ते साडेचार पट होतं, म्हणजे काही ओळी चारच्या, काही पाचच्या जाडीच्या. पडदा सरकताना ठिपके थरथरतात ते त्यामुळे. तुमचा टीव्ही फोर-के असेल तर त्यात २१६० ओळी, बरोबर नऊ पट. पण कन्सोलने चित्र तेवढं पाठवलं तरच हा हिशोब जुळतो, पहिला स्विच १०८० पर्यंतच पाठवतो. अशा वेळी मेनूत 'पिक्सेल परफेक्ट' असेल तर ते घ्या. चित्र थोडं छोटं पण स्वच्छ.

स्कॅनलाइनचे, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघांचे फिल्टर, हा चवीचा भाग. मला आवडतात. तीस_जीव नाक मुरडतील.

तीस_जीव

मुरडलं.

उगाचच

रच्याकने (जाता जाता), जपानी आवृत्ती लावली. नकाशा आला, झाडं हलली, पूल फुटला, मेलो. पण या वेळी पार्श्वभूमी सुंदर होती.

आबा_डोंबिवलीकर

निशिकासाईकर, एक शेवटचं. मुलीने माझ्या अमेरिकन खात्यात भेट म्हणून डॉलर टाकले होते, त्यातले थोडे उरलेत. आता मला काही जपानी गेम घ्यायचेत. खात्याचा देश बदलून जपान केला तर ते डॉलर येनमध्ये बदलतील का?

निशिकासाईकर

नाही आबा, बदलत नाहीत. उलट शिल्लक असेल तर देश बदलूच देत नाही. तुम्ही कानामात्रासारखं दुसरं खातं काढा, ते जपानचं ठेवा. अमेरिकन खातं आहे तसं राहू दे, उरलेल्या डॉलरांत 'आर्केड आर्काइव्ह्ज'मधलं काहीतरी बसेल. आणि जोडसामग्री (डीएलसी) घेताना लक्ष ठेवा. जपानी कार्डावरच्या गेमला अमेरिकन दुकानातली जोडसामग्री लागत नाही, दोन्ही एकाच प्रदेशातलं लागतं. पीएसवरही तेच, डिस्क जिथली तिथलंच डीएलसी.

आबा_डोंबिवलीकर

समजलं. मुलीला विचारून दुसरं खातं काढतो. तोवर पाच मिनिटं.